यमुताईंनी मागितलेला सूर

या, असे जवळ सरकून बसा. आज एक गोड हकिकत सांगायची आहे.

रामनवमीला कृष्णाकाठच्या देवळात सत्त्याऐंशी वर्षांच्या यमुताई पटवर्धन पुन्हा कीर्तनाला उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज गेल्यापासून तिथे त्यांच्या तरुणपणच्या गळ्याची नक्कल करणारं यंत्रच कीर्तन करायचं. यंदा डॉक्टरांनी त्यांच्याच गालातल्या पेशींपासून नवे स्वरतंतू वाढवून गळ्यात बसवले होते. तरी देवळाच्या उत्सव मंडळाने बजावलं होतं, "आवाज फाटला, तर रामजन्माचा पाळणा यंत्र म्हणेल."

पेटीवरच्या दत्तूअण्णांनी काळजीने खालचा सूर धरला, काळी एक.

"अण्णा, हा कुणासाठी?"

"तुमच्या वयासाठी हो, ताई. जपून."

"वयाला गायचं नाहीये, मला गायचंय. काळी चार द्या, नाहीतर पेटी मिटा!"

देऊळ हसलं. अण्णांनी सूर चढवला. यमुताईंनी रामाचं नाव घेतलं आणि पाळण्याची पहिलीच ओळ थेट वरच्या षड्जावर नेऊन ठेवली. आवाज जरासुद्धा हलला नाही. झांजा कडाडल्या, गुलाल उधळला, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः उठून यंत्राची वायर काढली.

लय वाढली तसे अण्णा मागे पडू लागले. "ताई, थांबा हो! गळा तुमचा नवा झालाय, बोटं माझी जुनीच आहेत!"

त्या जुन्या बोटांवरही पुढच्या महिन्यात उपचार आहेत. देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या दत्तूअण्णांची आठवण असू द्या.