जमीरचाचाचा डाग

कापसाच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या जमीरचाचाच्या फुफ्फुसावरचा पांढरा डाग गेला. म्हणजे गेलाच नाही, असं समजा. खोकला तसाच आहे.

२०१०च्या ग्रहणाला पांढरकवड्यात आम्ही सगळ्यांनी त्याच्या एक्स-रेतूनच सूर्य पाहिला. फिल्म खाली घेतली, तर तिच्यावर डाग नव्हता.

“डागच नाही, तं हलकं काम कायले पाह्यजे?” जिनिंगचा मॅनेजर म्हणाला. “जाय, गाठी उचल.”

आठवड्याने पेपरात उपग्रहाने काढलेला सूर्याचा एक्स-रे छापून आला. त्यात करंजीच्या आकाराचा तोच डाग होता. शेजारी दोन बरगड्या होत्या.

“माह्याच दिसून राह्यल्या,” म्हणत चाचाने छाती चाचपली. डावीकडे त्याचं बोट आत गेलं.

सबब, उपग्रह खात्यास विनंती की, सदर डाग व बरगड्या मॅनेजरसमक्ष मूळ मालकास परत कराव्यात.