थाळ्या न वाजवता

"जिथं जिवाला धोका आहे म्हणता, तिथं तुम्ही स्वतःहून परत गेलात. का?"

अधिकारी बाईंचा प्रश्न दुभाषी मुलीने, ह्यमने, जराई भाषेत सांगितला, तशी थुलने खुर्चीची कड घट्ट धरली. बँकॉकमध्ये आसरा मिळतो की व्हिएतनामला माघारी जावं लागतं, ते या उत्तरावर ठरणार होतं.

शेजारच्या खोलीत राहणाऱ्या ब्रामने त्याला सकाळीच पढवलं होतं. "आई आजारी होती म्हण. आजारी आई साहेबलोकांना लगेच कळते. भुकेलं थडगं कुणाच्या बापाला कळणार?"

आई जिभेवर आली होती. पण ती केव्हाच गेली होती. तिच्यावर आणखी एक आजारपण लादायला थुलचं मन धजेना.

"बायकोचा निरोप घ्यायचा राहिला होता," तो म्हणाला. "आमच्यात निरोपाचा सण होईपर्यंत मेलेल्या माणसाला थडग्यावर भात न्यावा लागतो. मी पळून आलो. मागे तिचं दुसरं कुणी नव्हतं."

बाईंनी फाइलचं पान उलटलं. "पण तुम्ही ख्रिस्ती आहात. घरात प्रार्थना भरवली म्हणून पोलीस मागे लागले, असं तुम्हीच सांगितलंय. ख्रिस्ती माणूस थडग्याला भात वाढतो?"

"मी झालो ख्रिस्ती. ती नाही झाली. मला म्हणायची, 'तुझा देव भात खात नाही. स्वस्तात पडला रे तुला!'"

ह्यमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू हललं. बाईंपर्यंत पोचेतो त्याचं नुसतं वाक्य झालं होतं.

"परत जाताना भीती वाटली नाही?"

"वाटली."

"तरी गेलात."

"तिला भूक लागली होती."

बाईंनी आणखी एक पान उलटलं. "माझ्या माहितीप्रमाणे हा सण सगळ्या गावाचा असतो. वाजवणं, दारू, नाच. म्हणजे तुम्हाला कुणीतरी पाहिलं असणार. एक तरी साक्षीदार सांगा."

काशाच्या थाळ्या वाजवल्या असत्या, तर आवाज दरीपलीकडच्या चौकीपर्यंत गेला असता. म्हणून थुलने एकट्याने भात वाढला, एकट्याने रांजणातली दारू मातीवर ओतली. सणाला सारा गाव मोठ्याने रडतो. त्याने ते रडणं तोंडात पंचा कोंबून उरकलं होतं.

"काका, त्या विचारतायत," ह्यम हळूच म्हणाली. "कुणीच नव्हतं का?"

"एक होता. लाकडाचा. आपण निघून आल्यावर मागे शोक करत बसायला थडग्यापाशी ठेवतात ना, तसा. मीच कोरला."

बाईंची बोटं कळफलकावर थांबली. "कसा आहे तो?"

थुलने कोपरं गुडघ्यांवर टेकली, दोन्ही तळवे गालांना लावले आणि खाली पाहत राहिला.

ह्यमपाशी भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. एसी घुमत होता. हात खाली घ्या, असं त्याला कुणीच म्हटलं नाही.