मूळचे टायर

गेल्या सर्व्हिसिंगच्या वेळी मी साहेबांपुढे अक्षरशः हात जोडले होते. "रेसच्या मोटरसायकलची हुबेहूब नक्कल आहे, पळतेही तशीच. बावीस वर्षांचे टायर, पार दगड झालेत. बदला."

"वेड लागलं का मिस्त्री? अशा तीनशेच बनल्या. तेव्हाची किंमत साडेचार लाख, आज चाळीसलाही मिळणार नाही. मूळची एक वस्तू बदलली की भाव पडतो."

आज तीच गाडी टेम्पोतून माझ्या गॅरेजात आली. त्यांच्या मुलाने बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर मागचं चाक सटकलं.

साहेब गाडीभोवती फिरत होते, एकेका ओरखड्यावर बोट फिरवत.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"मांडीत सळई घातलीय, खुबा नवा बसवलाय. मिस्त्री, टाकीचा पोचा निघेल ना? आणि हे बघ, टायर मूळचेच राहू देत."

हातातला पाना मी फरशीवर आपटला.

"म्हणजे मुलगाही आता मूळचा राहिला नाही, साहेब. त्याचा भाव किती पडला?"