समोरच्या खोलीची फरशी

“दोरी ताण,” रामधन म्हणाले.

गोमतीनं दोरीचं टोक भिंतीशी दाबून धरलं. दुसरं टोक वडिलांच्या हातात होतं. दोघांच्या मध्ये शहाबादी फरशीच्या अकरा ओळी बसल्या होत्या. दोन राहिल्या होत्या. पाच दिवस बापलेक गुडघ्यांवर बसून चुना पसरत होते, फरशी ठेवत होते, लाकडी ठोकळ्यानं ठोकून आवाज ऐकत होते. आवाज पोकळ आला की फरशी उचलायची आणि खाली पुन्हा चुना भरायचा.

समोरून वाशीमची मोटार गेली. तिच्या धुळीतून शेजारचा खेमा दारात येऊन टेकला.

“रामधनभाऊ, सैफुद्दीन मिस्त्री मेला का काय? पोरीलेच मिस्त्री करून राह्यले.”

“घरची भुई घरच्याच हातानं व्हावी. आजवर सारवली कोनं? मिस्त्रीनं?”

“वहिनीनं. तुमी कवा शेनात हात घातला?”

रामधन हसले. मान खाली घालून गोमतीही हसली.

चार वर्षांपूर्वी अनसिंगला तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तेव्हा ती एक पेटी घेऊन मालेगावला परत आली होती. त्या दिवसापासून वडील तिच्याशी सरळ बोलले नव्हते. ती समोर ताट घेऊन उभी असली तरी ते बायकोकडे पाहून म्हणायचे, “तिले सांग, भाकर पुरे.” मग मागच्या सोमवारी जेवताना त्यांनी बायकोलाच सांगितलं, “समोरची खोली गोमतीले. मातीची भुई कहाडून फरशी टाकतो. शिलाईची मशीन ठेवन तिथं. कोनाच्या तोंडाकडं पाहाचं काम नाई पडनार तिले.”

सगळ्यांना वाटलं होतं, मिस्त्री येईल. रामधननी कधी विटेवर वीट ठेवली नव्हती. पण मंगळवारी सकाळी ते उठून गोमतीपुढे आले आणि म्हणाले, “चाल. दोरी धर.” चार वर्षांतले ते पहिले शब्द.

दुपार कलली तेव्हा त्यांनी मागच्या भिंतीशी तांब्याभर पाणी ओतलं. रोज काम थांबवताना ते असं ओतत. पाणी फरशीवरून पसरत रस्त्याकडच्या दाराच्या दिशेनं गेलं.

“बराबर,” ते म्हणाले. मग तिच्या हातांकडे पाहिलं. चुन्यानं तळवे फाटले होते. “झोंबते का?”

“नाई.”

“खोबऱ्याचं तेल लाव. दोन ओळी उद्या टाकू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. थोरला भाऊ सेवादास त्यांना नव्या फरशीवर ठेवायला निघाला होता. आई म्हणाली, दगडावर नको. मग त्यांना आत, स्वयंपाकघरातल्या सारवलेल्या भुईवर उतरवलं.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सेवादास सैफुद्दीन मिस्त्रीला घेऊन आला. राहिलेल्या दोन ओळी टाकायच्या होत्या. रस्त्याकडचं दार चौकटीसकट काढून तिथं भिंतभर रुंद फळ्यांचं दार बसवायचं होतं. एवढं मोठं दार कशाला, हे गोमतीला कोणी सांगितलं नाही.

मिस्त्री वाकला. सांध्यांवरून त्यानं बोट फिरवलं.

“काम चोख हाय. कोनाचा हात?”

“माहा आन बाबाचा,” गोमती म्हणाली.

“वा, बेटी. उतारबी बराबर देला. राहत्या खोलीचं पानी मांगं मोरीकडं काढा लागते, दुकानाचं रस्त्याकडं. रामधनभाऊ मले खास विचाराले आले होते, दुकानाले उतार किती द्याचा म्हनून. मी म्हनलं, मीच येतो, तुमी या उमरीत कायले गुडघे घासता? तं म्हनले, तू येऊ नोको. तू दिवसभर बडबड करशीन, पोरीसमोर दुकानाचं नाव काढशीन. आंदी फरशी होऊ दे...”

तो थांबला. त्यानं सेवादासकडे पाहिलं, मग गोमतीकडे. “मले वाटलं, आता तरी तिले मालूम असन,” तो पुटपुटला आणि बाहेर जाऊन चुना कालवायला बसला.

गोमती खोलीत उभी होती. खिडकीशी मशीन कुठं ठेवायची ते तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. उजेड डावीकडून यायला हवा होता. अकरा ओळींतली एकेक फरशी तिनं स्वतः ठोकून, कान लावून तपासली होती. तिला बाहेर काढणारी भुई तिच्याच हातांनी पक्की करून घेतली होती, आणि ती करून घेताना बापानं तिच्या तळव्यांना तेलही सुचवलं होतं.

“किराण्याचं टाकतो म्हनलं,” सेवादास भिंतीकडे पाहत बोलला. “आता मोटारी थांबतात इथं. बाबा अन मी ठरवलं होतं. तू मायजवळ झोपत जाय आतमंदी. मशीनचं पाहू मंग.”

गोमतीनं वाकून फरशीवर वाळलेला चुन्याचा थेंब नखानं खरवडला.

“बाबा तुले सांगनारच होते ना. फरशी झाली का सांगतो म्हने. तुले धोका द्याचं त्याच्या मनात नोयतं, गोमते.”

“दादा,” ती म्हणाली, “पानी मोरीकडं नाई, रस्त्याकडं चाल्लं, ते मले दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. तवा बोलली असती, तं बाबा माह्याजवळून उठून गेले असते.”