‘काऊन’ म्हण

“‘का’ नाही. ‘काऊन’ म्हण,” रूपालीने टाइप केलं.

फोनमधल्या अंकुशने लगेच ऐकलं. “काऊन रुसली व, वर्षाली?”

रूपाली हसली. अंकुश आणि वर्षाली हे तिच्या कथेतलं जोडपं. वर्षालीचं ती स्वतः बोलायची, अंकुशचं चॅटबॉट बोलायचा. सुरुवातीला हा अंकुश पुण्याहून आलेल्या पाहुण्यासारखा बोलत होता. तिने त्याच्याकडून शब्द न् शब्द घोकून घेतला आणि त्याला वर्धेचा केला.

कथा दिवाळी अंकाला द्यायची होती, पण रुसलेलं जोडपं पुन्हा जवळ कसं येतं हेच तिला लिहिता येईना. येणार कुठून? वर्धेजवळच्या पिपरी मेघेच्या घरात ती आणि गोपाल सध्या जेवणापुरतं बोलत होते. भांडणात ती म्हणून गेली होती, “घर माझ्या बाबांनी मला दिलंय. तूच चालता हो.” गोपाल नुसता बघत राहिला होता.

हा चॅटबॉटसुद्धा चांगल्या दिवसांत त्यानेच स्वतःच्या खात्यावरून तिच्या फोनमध्ये सुरू करून दिला होता.

“रुसली नाई,” वर्षाली झालेल्या रूपालीने लिहिलं. “भेव लागते.”

“कायचं? पाण्याचं?” अंकुश म्हणाला. “लहानपणी टाक्यात पडली, तवापासून तू विहिरीत वाकून पाहत नाई. मी आहो ना.”

रूपालीचे अंगठे थांबले.

टाक्यात वर्षाली पडली नव्हती. रूपाली पडली होती. कथेत ही गोष्ट नव्हती, आणि चॅटबॉटलाही तिने ती कधी सांगितली नव्हती. भर दुपारी तिने उठून दाराला कडी लावली. मग कडी कुणासाठी लावली, तेच तिला कळेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला म्हणत तिने टाइप केलं.

“तुला कोणी सांगितलं?”

अंकुश गायब झाला. चॅटबॉट आपल्या शुद्ध मराठीत म्हणाला, “आधीच्या एका संभाषणात तुम्हीच सांगितलं होतं.”

जुन्या संभाषणांची यादी तिने कधी उघडलीच नव्हती. ती उघडली. तिच्या संभाषणाखाली आणखी एक होतं, तिने न केलेलं.

“तू माही बायको हो. नाव रूपाली. चहात आलं पायजे तिले. राग आला की भांडे घासत बसते. लहानपणी टाक्यात पडली, पाण्याले लय भिते.”

खातं गोपालचंच होतं; पुढे तो आपल्या फोनवरून तिच्याशी, म्हणजे त्या रूपालीशी बोलत होता.

“चुकलं माहं. पवनारले येशीन काय? नदीवर बसू.”

“नाई. मले पाण्याचं भेव लागते.”

“मी हात धरतो ना.”

“मग येते.”

रूपालीचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ डोळेही भरून आले. मुका मेला! बायकोशी बोलायची तालीम मशीनसोबत करत होता. आणि ती वेडी भुताखेतांवर जाऊन पोचली होती. तिने कडी काढली.

रविवारी सकाळी गोपालने आलं घातलेला चहा तिच्या हातात दिला.

“पवनारले येशीन काय? नदीवर बसू.”

“मले पाण्याचं भेव लागते,” ती मुद्दाम म्हणाली. हसू दाबताना तिच्या नाकीनऊ आले.

“मी हात धरतो ना.”

“मग येते.”

पवनारला धाम नदी भरून वाहत होती. आश्रमाकडे गर्दी होती म्हणून गोपालने गाडी कापसाच्या पऱ्हाटीच्या शेताकडून पुढे नेली. तिथे माणूस नव्हता. खडक ओले होते.

“थांब इथंच. बसाले जागा पाहून येतो,” तो म्हणाला.

पाण्याच्या आवाजाने रूपाली दोन पावलं मागे सरली. धीर यावा म्हणून तिने फोन काढला. गोपालचं ते गोड बोलणं पुन्हा एकदा वाचायचं होतं. यादीत सगळ्यात वर एक नवीन संभाषण होतं, आज सकाळचं.

“आता तू माही सासू हो. मी तुले फोन करून राह्यलो.”

ती पुढे वाचू लागली.

“आई, गोपाल बोलतो, पवनारवरून. रूपालीचा पाय घसरला.”

“अरे देवा! ती काऊन गेली नदीवर? तिले तर पाण्याचं भेव लागते!”

‘काऊन’ अगदी बरोबर होतं. तिनेच शिकवलेलं.

“ये,” म्हणत गोपाल परत आला आणि त्याने तिचा हात घट्ट धरला. तिची नजर फोनवरच होती. सासूच्या बोलण्याखाली त्याने चूक सुधारली होती.

“‘लागते’ नाई. ‘लागायचं’ म्हण.”