वरची कड

दार आतून ओढून उघडेना, बाहेरून ढकलून उघडेना. आत निवृत्त शिक्षिकाबाई, बाहेर निम्मी इमारत, आणि मधे मोठ्या मिस्त्रींनी एकोणीस वर्षांपूर्वी बसवलेलं दार.

वीज सकाळपासून गेलेली. समुद्रावरून वारा म्हणून जे काही येत होतं ते ओल्या फडक्यासारखं तोंडावर बसत होतं. असा उन्हाळा या किनाऱ्यानं पाहिला नव्हता. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं होतं, कपडे तिसऱ्या दिवशीही दमट होते आणि गावातलं लाकूड फुगून बसलं होतं. आठवडाभर मिस्त्रींचा फोन वाजत होता. दार अडकलं, खिडकी अडकली, कपाट अडकलं. "दाराला काही झालेलं नाही, हवाच बिघडलीय," असं सांगून ते फोन ठेवत. हवेवर खापर फोडणं सोपं असतं. ती उलटून बोलत नाही.

"पहार आणतो," वरच्या मजल्यावरचा पैलवान म्हणाला. "दोन दणक्यांत मोकळं करतो."

"माझ्या दाराला पहार?" मिस्त्री दाराला पाठ लावून उभे राहिले.

"बाई महत्त्वाच्या की दार?"

मिस्त्रींच्या दाराच्या फटीतून साधं पोस्टकार्ड जात नाही, असं गाव कौतुकानं सांगायचं. आज त्याच कौतुकानं एका म्हाताऱ्या बाईला कोंडून घातलं होतं. ते पाठ काढायला तयार नव्हते, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुमचं भांडण संपलं की सांगा," आतून बाई म्हणाल्या. "तांब्यातलं पाणी संपलंय आणि मी वाफेवर शिजतेय." थट्टा होती, पण आवाज मघापेक्षा बारीक झाला होता.

मिस्त्रींच्या मुलीनं पिशवी उचलली. वडील मोठे मिस्त्री, म्हणून गाव तिला छोटी मिस्त्री म्हणायचं. ती इमारतीला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेली आणि गजांमधून आधी पाण्याची बाटली, मग हातोडी आणि एक जाड खिळा आत दिला.

"बाई, बिजागऱ्या तुमच्या बाजूला आहेत. तीन. प्रत्येकीत एक उभी सळई आहे. तिच्या खाली खिळा धरायचा आणि वरच्या दिशेनं ठोकायचं. आधी खालची, मग मधली, वरची शेवटी."

"अगं, तुला भागाकार शिकवलाय मी."

"हो, आणि चुकले की हातावर पट्टी बसायची. तुमची बोटं सांभाळा."

पहिली सळई लवकर निघाली. दुसरीला वेळ लागला. तिसरीच्या वेळी ठोके थांबलेच. पैलवान हळूच पहार आणायला वळला, तेवढ्यात पुन्हा ठोका पडला, मग आणखी तीन, आणि आत फरशीवर लोखंड वाजलं.

छोटी धावत पुढच्या बाजूला आली. "बाई, भिंतीला टेकून उभ्या राहा. बाबा, तुम्ही कडी धरा, आत पडू द्यायचं नाही." तिनं बिजागरीच्या बाजूला खांदा लावला. दार कण्हलं, कुरकुरलं आणि त्यानं वाट दिली.

बाई बाहेर आल्या, लालबुंद, घामानं निथळणाऱ्या, हातातली हातोडी न सोडता. त्यांनी दोन पेले पाणी एका दमात प्यायलं. "जमलं की मला," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

बापलेकीनं दार व्हरांड्यात आडवं ठेवलं. मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला. एक ओरखडा नव्हता.

"आता रंधा मारून टाका, कटकट मिटेल," पैलवान म्हणाला.

"आज तासलं तर थंडीत खडखडेल," छोटी म्हणाली. ती दाराच्या वरच्या कडेशी उकिडवी बसली होती. दाराला सगळीकडून चकचकीत रंग होता, फक्त ही कड कोरी होती. काळवंडलेली, बोट लावलं तर ओली. तिच्यावर पेन्सिलीनं मिस्त्रींचं नाव आणि तारीख होती.

मिस्त्री दरवेळी रंगाऱ्याला बजावत, वरच्या कडेला ब्रश लावायचा नाही, तिथं माझं नाव आहे. ते नाव मालकासाठी नव्हतंच. कधीतरी कुणी सुतार दार उतरवेल, त्यानं वाचावं म्हणून होतं. मुलगी मात्र आपल्या दारांच्या वरच्या-खालच्या कडाही रंगवायची, तेव्हा ते हसायचे. "तिथं काय कावळा बघायला येणार आहे?"

आठवडाभरात आलेले सगळे फोन त्यांच्याच दारांचे होते. तिच्या एकाही दाराचा फोन आला नव्हता.

"पाणी इथून प्यायलंय," ती हळूच म्हणाली. "दोन दिवस सावलीत सुकू दे. मग ही कड रंगवू." नावाबद्दल ती काही बोलली नाही.

मिस्त्री त्या कडेशी वाकले. वाईट वाटलंच. एकोणीस वर्षं टिकलेलं अक्षर होतं. मग त्यांनी पिशवीतून काचपेपर काढला आणि स्वतःच्या हातानं नाव घासायला घेतलं. भुसा ओला असल्यानं उडत नव्हता, बोटांना चिकटत होता.

"अहो, नाव का पुसताय?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात मिस्त्रींच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून कुणीतरी तावातावानं बोलत होतं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. हवेचं नाव काढलं नाही.

"अडकलं ना? माझंच आहे ते," ते म्हणाले. "थांबा, मोठ्या मिस्त्रींना देतो."

आणि त्यांनी फोन मुलीच्या हातात दिला.