खडपचं नवं रेकॉर्डिंग

"चेडवाक तेच्याकडे एकट्याक टाकून जाव नको गो. तेचा ध्यान नसता."

सासूने, चंद्रावतीने, नातीच्या, रियाच्या बारशालाच आपल्या मुलाबद्दल, निकेतबद्दल, हे सांगितलं होतं. नम्रताने हसून सोडून दिलं. पुरुषाने पोर सांभाळायचं म्हटलं की जुन्या बायका असंच बोलायच्या. निकेत ड्रम वाजवतो, आणि वाजवणारा माणूस थोडा तंद्रीत असायचाच. चंद्रावती पावसाळ्यात गेली. तिला नेमकं काय म्हणायचं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

आता नम्रता पडवीत बसली होती. कानांवर हेडफोन, शेजारी लॅपटॉप, मांडीवर रिया. निकेतच्या बँडचं, खडपचं, नवं रेकॉर्डिंग आधी तिने ऐकायचं, मग जगाने, असा लग्नापासूनचा रिवाज. सोमवारी ती कुडाळच्या कॉलेजात शिकवायला रुजू होणार होती. रिया दिवसभर निकेतजवळ राहणार होती. ते ठरलेलंच होतं.

खडप म्हणजे तिघं. ड्रमवर निकेत, बेसवर शिवा, गिटार आणि गळा सिद्धेशचा. मालवणच्या कॉलेजात असताना जमलेली ही पोरं आता चाळिशी ओलांडून गेली होती, पण बँड मोडला नव्हता. शिवाच्या वडिलांची बंदरावर बर्फाची जुनी खोली होती. भिंतींत भाताचा कोंडा भरलेला, दार हातभर जाडीचं. तिथेच त्यांनी आयुष्यभर वाजवलं. आवाजाचा एक थेंब बाहेर जायचा नाही. दाराशी मासळीचे वाटे लावणाऱ्या बायकांना आत काय चाललंय याचा पत्ता नसायचा. पहिली कॅसेट तिथेच निघाली, मग सीड्या, मग नेटवरची गाणी. दरवेळी ड्रमच्या झांजा आधीपेक्षा धारदार वाजत. वयाबरोबर खडप मऊ पडलं नाही, उलट कडक होत गेलं, असं ऐकणारे कौतुकाने म्हणत.

आणि ते तिघं कायम एकमेकांकडे तोंड करून वाजवायचे. जत्रेतल्या स्टेजवरसुद्धा. "गिऱ्हाइकाक पाठ दाखवणारे धंदेवाले तुम्हीच रे," असं लोक चिडवायचे. नम्रताला मात्र ते आवडायचं. एवढ्या वर्षांनंतरही नवरा मित्रांच्या डोळ्यांत बघून वाजवतो, याचं तिला अप्रूप होतं.

बर्फाची खोली यंदा पाडली. तिथे हॉटेल होतंय. म्हणून हे रेकॉर्डिंग कट्टा गावात, निकेतच्या घराच्या मागच्या खोलीत झालं. भिंतींना गाद्या लावल्या. रियाचा कापडी पाळणा शेजारी माजघरात होता. मधलं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, ती उठली तर कळावं म्हणून. नम्रता मालवणच्या बाजारात गेली होती. ती परतली तेव्हा रिया झोपलेली होती. गालांवर सुकलेले ओघळ. एका घोट्याभोवती जांभळा वळ.

"हूं नाय की चूं नाय," निकेत म्हणाला. "सगळो वेळ निजलेला हुता."

वाळा घट्ट झाला असेल, असं समजून नम्रताने तो काढून ठेवला.

पहिलं गाणं सुरू झालं. ड्रमच्या मागे काहीतरी बारीक वाजत होतं. नम्रताने हेडफोन उतरवून रियाकडे पाहिलं. रिया गप्प होती, ओढणीचं टोक चघळत होती. तिने हेडफोन पुन्हा लावले. रडणं हेडफोनमध्ये होतं.

गाणं संपलं. माइक चालूच होता. आता रडणं स्पष्ट ऐकू येत होतं, किंचाळल्यासारखं. त्यावर निकेतचा आवाज आला, "रिया गप आसा मां रे?"

"गप म्हणजे?" सिद्धेश म्हणाला. "बापाचो ठेको ऐकान निजला ता."

शिवा खो खो हसला. काड्यांवर काड्या आपटल्या आणि दुसरं गाणं सुरू झालं. तिसऱ्याच्या मध्यावर रियाचा आवाज चिरकला, बसला आणि थांबला.

घोट्यावरचा वळ वाळ्याचा नव्हता; पाळण्याची दोरी पायाला आवळली होती. नम्रताने रियाचा घोटा हातात धरला. मग राग आला, इतका की उठताना लॅपटॉप हातातून पडायचा राहिला. रियाला कडेवर घेऊन ती मागच्या खोलीत गेली. तिघंही तिथेच होते. तिने लॅपटॉप स्पीकरला जोडला, दोन गाण्यांमधला तो तुकडा लावला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ह्या काय ऐकाक येता?"

खोलीभर रडणं भरलं. स्वतःचाच आवाज ऐकून रियाने ओठ काढले. तिघंही लॅपटॉपवर वाकले, कान देऊन ऐकू लागले. नम्रता एकेकाचा चेहरा बघत होती. एकाच्याही चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव नव्हता.

"बरा वाजलाहा," शिवा म्हणाला.

"झांज कमी वाटता," सिद्धेश म्हणाला. "वाढवया जरा."

निकेत मान डोलावत होता. त्या तुकड्यात झांज नव्हतीच, नुसतं रडणं होतं.

नम्रताचा राग जागीच विझला. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती हळूहळू त्यांच्या मागे गेली. तिघांच्या पाठी तिच्याकडे होत्या. तिने रेकॉर्डिंग बंद केलं. खोली शांत झाली.

"निकेत," तिने हाक मारली. मग, "सिद्धेश." मग जरा मोठ्याने, "शिवा."

तिघांच्या पाठी तशाच राहिल्या. कडेवरच्या रियाने तेवढी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

तुमच्या घरातही कोणी असंच तंद्रीतलं असेल, तुमच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय उत्तर देत नसेल, तर आज त्याच्या पाठीमागे जाऊन उभं राहा. नाव घेऊन हाक मारा. तो वळतो का, बघा.